टचस्क्रीनवर अवकाशीय स्मृतीची चाचणी: बालवाडीतल्या मुलापासून ऐंशीच्या आजीपर्यंत

गोव्यात चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांनी सजवलेली चौकट, बांधणारा माणूस स्टुलावर उभा असतो आणि खालून त्याच्या हातात एकेक वस्तू दिली जाते. नारळ, सुपारीची शिपटी, तोरिंगण, चिबूड, आंबाड्यांचा घोस. कोणत्या कोपऱ्यात काय बांधून झाले, कोणती जागा अजून रिकामी आहे आणि जड चिबडाचा तोल सांभाळायला समोरच्या बाजूला काय टांगायचे, हे तो कागदावर लिहून ठेवत नाही. काम चालू असेपर्यंत सगळे मनात धरतो आणि काम संपले की विसरून जातो. ‘कुठे काय’ ही माहिती थोडा वेळ मनात धरून तिच्यावर काम करण्याच्या या क्षमतेला अवकाशीय कार्यरत स्मृती म्हणतात. अॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये कार्यरत स्मृतीची जी मांडणी केली, तिच्यात शब्दांचा साठा आणि दृश्य-अवकाशीय साठा वेगवेगळे धरले होते, आणि ही विभागणी आजही बहुतेक चाचण्यांच्या मुळाशी आहे.

ही क्षमता टॅबलेटवर मोजणे आता स्वस्त आणि सोपे झाले आहे, म्हणजे निदान तसे वाटते. शाळेतली मुले, कॉलेजचे विद्यार्थी आणि ज्येष्ठ नागरिक या तिघांची चाचणी एकाच पडद्यावर घ्यायची म्हटली की खरी अडचण समोर येते. पडदा बोटाचा स्पर्श मोजतो, स्मृती मोजत नाही. ती आपण त्या स्पर्शांवरून ताडायची असते, आणि पाच वर्षांचे बोट, वीस वर्षांचे बोट आणि ऐंशी वर्षांचे बोट पडद्याला सारखे लागत नाही. म्हणून बोटाचा दोष स्मृतीच्या खात्यावर जमा होणार नाही, याच एका काळजीभोवती पुढच्या सगळ्या पायऱ्या रचल्या आहेत.

पहिली पायरी: कोणती चाचणी घ्यायची

सुरुवात करणाऱ्याने कोर्सीची चाचणी निवडावी, असे माझे मत आहे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात ब्रेंडा मिलनर यांच्या मार्गदर्शनाखाली काम करताना फिलिप कोर्सी यांनी १९७२ च्या आपल्या प्रबंधात ती मांडली. एका फळीवर नऊ लाकडी ठोकळे वेडेवाकडे बसवलेले असतात, परीक्षक सेकंदाला एक या गतीने काही ठोकळ्यांना बोट लावतो आणि समोरच्याने त्याच क्रमाने बोट लावायचे असते. ओळ दोन ठोकळ्यांपासून वाढत जाते आणि माणूस जिथपर्यंत बरोबर पोहोचतो तो त्याचा आवाका. निरोगी प्रौढांचा आवाका साधारण पाच ते सहा ठोकळ्यांचा असतो. पाच-सहा वर्षांच्या मुलांचा त्याच्या जवळपास निम्मा, तो किशोरवयापर्यंत वाढत जातो आणि उतारवयात पुन्हा हळूहळू घटतो.

दुसरी चांगली चाचणी शोधाची. पडद्यावर काही पेट्या असतात, प्रत्येकीत कधी ना कधी एक चकती लपवलेली असते, आणि एकदा चकती सापडलेल्या पेटीत ती पुन्हा लपत नाही. जिथे आधीच सापडली तिथे माणूस पुन्हा किती वेळा जातो, ही मोजायची मुख्य चूक. केंब्रिजमध्ये १९८० च्या दशकात तयार झालेल्या ‘कँटॅब’ या संचामुळे ही पद्धत प्रसिद्ध झाली, आणि तो संच त्या काळीही स्पर्शाच्या पडद्यावरच चालत असे. तिच्यामागची कल्पना मात्र उंदरांकडून आली आहे: आठ फाट्यांच्या चक्रव्यूहात उंदीर एकदा खाऊन आलेल्या फाट्यात पुन्हा शिरतो का, हे डेव्हिड ओल्टन आणि रॉबर्ट सॅम्युएलसन यांनी १९७६ मध्ये पाहिले होते. शोधाच्या चाचणीत स्मृतीबरोबर युक्तीही मोजली जाते, कारण दर वेळी त्याच पेटीपासून सुरुवात करून ठरलेल्या फेऱ्याने जाणारा माणूस कमी लक्षात ठेवूनही कमी चुकतो. म्हणून तीच एकमेव चाचणी ठेवू नये. कोर्सीनंतर वेळ उरला तर लहान मुलांना चार, प्रौढांना सहा आणि आठ पेट्यांची द्यावी.

उलट्या क्रमाची कोर्सी घ्यावी का, असे विद्यार्थी हमखास विचारतात. आकडे उलटे म्हणणे सुलटे म्हणण्यापेक्षा स्पष्टपणे अवघड जाते. ठोकळ्यांच्या बाबतीत प्रौढांमध्ये तो फरक फारच थोडा दिसतो. तेव्हा केवळ ‘अवघड चाचणी हवी’ म्हणून ती घेण्यात अर्थ नाही.

दुसरी पायरी: पडदा मांडणे

दहा इंचांच्या आसपासचा टॅबलेट घ्यावा आणि सर्व वयांसाठी तोच ठेवावा. मुलांना मोबाइल आणि ज्येष्ठांना टॅबलेट अशी वाटणी केली की नंतर फरक वयाचा की पडद्याचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. टॅबलेट हातात देऊ नये. टेबलावर किंचित उतरत्या आधारावर, घसरणार नाही असा ठेवावा.

पडद्यावर ठोकळ्यांच्या जागी नऊ चौकोन येतात आणि परीक्षकाच्या बोटाऐवजी ते एकेक करून उजळतात. हे चौकोनही वेडेवाकडेच असू द्यावेत. दिसायला नीटनेटकी तीन बाय तीनची जाळी केली की मोठी मुले मनात क्रमांक देऊन ‘एक, पाच, नऊ’ असे पाठ करतात आणि आपण अवकाशीय स्मृतीऐवजी आकड्यांची स्मृती मोजत बसतो. रांगोळीचे ठिपके मांडायची सवय असलेल्या हातांना हा मोह विशेष होतो; माझाही पहिला आराखडा जाळीचाच होता. चौकोनाची बाजू मी २० मिलिमीटरच्या खाली जाऊ देत नाही आणि दोन चौकोनांमध्ये निदान तेवढीच मोकळी जागा ठेवते. पडद्याचा खालचा तीन-एक सेंटिमीटरचा पट्टा पूर्ण रिकामा असावा, कारण थकलेला हात तळवा तिथे टेकवतो.

रंग साधे असावेत: गडद करडी पार्श्वभूमी, फिकट करडे चौकोन आणि उजळताना पिवळा. लाल-हिरव्याची जोडी रंगांधळ्या माणसाला फसवते, आणि वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळट होत जात असल्यामुळे ज्येष्ठांना निळ्या-जांभळ्या छटा मंद दिसतात. उजळण्याचा वेळ एक सेकंद आणि मध्ये अर्धा सेकंद रिकामा ठेवावा. ओळींची यादी आधीच ठरवून सर्वांना तीच द्यावी. यंत्राला दर वेळी नवी ओळ निवडायला सांगू नये. एकाच लांबीच्या दोन ओळींची काठिण्यपातळी एकच असेल असे नाही. ज्या ओळीचा मार्ग स्वतःलाच छेदून जातो ती लक्षात ठेवणे अधिक कठीण असते, त्यामुळे कागदावर रेघा काढून प्रत्येक ओळीतले छेद मोजावेत. एका ओळीत कोणताही चौकोन दोनदा येऊ नये. पुन्हा चाचणी घ्यायची असेल तर तेवढ्याच छेदांची दुसरी यादी आताच करून ठेवावी.

प्रोग्रॅम स्वतः लिहिता येत नसेल तर ‘पेबल’ या मोफत संचात कोर्सी तयार मिळते, आणि ‘जेएससायक’ किंवा ‘सायकोपाय’ वापरून ती बांधताही येते. कोणताही मार्ग निवडला तरी दोन गोष्टी तपासाव्यात. बोट टेकताच स्पर्श धरला जायला हवा, बोट उचलल्यावर नव्हे, कारण वयस्कर माणसे बोट दाबून धरतात आणि पुष्कळ ब्राउझर त्याला दीर्घ दाब समजून भलताच मेन्यू उघडतात. आणि एकाच चौकोनावर लागोपाठ पडलेले दोन स्पर्श एकच धरले जायला हवेत. ओळीत चौकोन दोनदा येत नसल्यामुळे असा दुसरा स्पर्श जवळजवळ नेहमी थरथरत्या बोटाचाच असतो. तो गुणांत धरू नये, पण नोंदीत ठेवावा.

तिसरी पायरी: यंत्र शांत करणे

सूचना, आपोआप फिरणारा पडदा, आपोआप बदलणारा उजेड, बॅटरी बचत, कडेवरून बोट सरकवल्यावर मागे जाण्याची सोय, हे सगळे बंद करावे. अँड्रॉइडवर स्क्रीन पिनिंग आणि आयपॅडवर गायडेड अॅक्सेस चालू केले की पाच वर्षांचे मूल चाचणीतून बाहेर पडून फोटो पाहू लागत नाही. जाड काचेचे संरक्षण लावलेले असेल तर ते काढावे.

चार्जर लावून चाचणी कधीही घेऊ नये. हलक्या चार्जरमधला विद्युत गोंगाट पडद्यापर्यंत पोहोचला की कोणी हात न लावताच स्पर्श नोंदले जातात. पावसात वीज जाण्याच्या भीतीने आम्ही एकदा डिचोली तालुक्यात सकाळभर टॅबलेट चार्जरवर ठेवूनच काम केले, आणि त्या दिवसाच्या नोंदींत बोटे नसलेले इतके स्पर्श निघाले की सगळी सकाळ बाद करावी लागली. आता आदल्या रात्री दोन टॅबलेट पूर्ण भरून नेते.

गोव्याच्या हवेचा विचार यंत्र बनवणाऱ्याने केलेला नसतो. या पडद्याला बोटातला ओलावा लागतो, पण पाण्याचा थर चालत नाही: मे महिन्यात घामेजलेले बोट शेजारचा चौकोनही उजळवते, तर आषाढात छत्री मिटून आत आलेल्या माणसाच्या हातावरचे पाणी पडद्यावर पसरते. सुती पंचा, पडद्यासाठी वेगळे कोरडे फडके आणि पंख्याखालची जागा, एवढी तयारी पुरते. दमट दिवशी दोन माणसांच्या मध्ये पडदा पुसणे ही सवय करून घ्यावी.

चौथी पायरी: बोटाची चाचणी

ही पायरी सगळेच गाळतात आणि मीही गाळली होती. सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावर, ज्यांचे सगळे आयुष्य कुळागरात सुपाऱ्या सोलण्यात गेले, अशा एक आजी टॅबलेटसमोर बसल्या. दोन चौकोनांची ओळ त्यांनी नीट पाहिली, बरोबर चौकोनावर बोट ठेवले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “बाय, हांव दामतां, पूण तो पेटना.” (मी दाबते आहे, पण तो पेटत नाही.) बोटाचे टोक इतके कोरडे आणि घट्ट झाले होते की पडद्याला ते बहुतेक वेळा जाणवतच नव्हते. प्रोग्रॅमने त्यांना दोन गुण देऊन चाचणी बंद केली. पिशवीत लाकडी ठोकळ्यांची जुनी फळी होती; तिच्यावर त्याच आजी पाचपर्यंत गेल्या. मी ती फळी नेली नसती तर माझ्या वहीत त्यांची स्मृती दोनच राहिली असती.

तेव्हापासून प्रत्येकाला, अगदी कॉलेजच्या मुलांनाही, आधी बोटाची चाचणी देते. नऊपैकी एक चौकोन उजळतो आणि तो विझण्याची वाट न पाहता त्याला हात लावायचा असतो. असे नऊही जागांवर होते. लक्षात ठेवायचे काहीच नसल्यामुळे इथली प्रत्येक चूक डोळ्याची किंवा बोटाची. एकापेक्षा जास्त चुका झाल्या तर हात ओलसर फडक्याने पुसून कोरडे करावेत आणि पुन्हा घ्यावी. तरीही जमले नाही तर मऊ टोकाची लेखणी द्यावी. तीही चालली नाही तर लाकडी फळी घ्यावी आणि नोंदीत तसे लिहावे. लेखणी आणि फळी यांचे गुण बोटाच्या गुणांत मिसळू नयेत. फळीवर परीक्षकाचा हात एका ठोकळ्यावरून दुसऱ्यावर जाताना दिसतो, पडद्यावर चौकोन नुसते उजळून विझतात, आणि तो जाणारा हात हीसुद्धा माहितीच आहे.

पाचवी पायरी: संमती आणि भाषा

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची लेखी संमती लागते, आणि सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही लागतो: बारापर्यंत तोंडी, त्यापुढे लेखी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालची व्यक्ती मूलच धरली आहे. टॅबलेटमध्ये नाव न ठेवता फक्त सांकेतिक क्रमांक ठेवावा. नाव आणि क्रमांक जोडणारी यादी कागदावर, कुलपात. संशोधन असेल तर नीतिविषयक समितीची मंजुरी आधी घ्यावी, शाळेतल्या बाईंच्या ओळखीवर काम उरकू नये.

सूचना घरच्या भाषेत द्याव्यात. इथे एकाच वर्गात मराठी शाळेत शिकणारे, घरी कोकणी बोलणारे आणि पाचवीपासून इंग्रजीत जाणारे मूल बसलेले असते, आणि त्याच्या आजीला कदाचित एकही लिपी येत नसते. म्हणून पडद्यावर एकही अक्षर नसावे. सूचना मराठीत आणि कोकणीत आधी लिहून, घासूनपुसून, सर्वांना त्याच शब्दांत सांगाव्यात. ‘क्रम’ हा शब्द लहान मुलांना अडतो. “आधी कोण पेटला, मग कोण, मग कोण, तसेच तू कर” असे म्हटले की कळते.

सहावी पायरी: प्रत्यक्ष चाचणी, वयाप्रमाणे

सराव दोन चौकोनांचा, तीन ओळी, आणि तेवढ्यातच चूक-बरोबर सांगावे. मुख्य चाचणीत प्रत्येक लांबीच्या दोन ओळी द्याव्यात आणि दोन्ही चुकल्या की थांबावे. चूक झाल्यावर आवाज किंवा लाल फुली नको. ज्येष्ठांचा धीर त्यानेच सुटतो.

लहान मुलांची अडचण घाई ही असते. ओळ संपण्याआधीच हात पुढे येतो. दाखवणे चालू असताना पडदा स्पर्श घेणार नाही अशी व्यवस्था करावी, हात टेबलावर काढलेल्या दोन पंजांच्या चित्रांवर ठेवायला सांगावे आणि ओळ संपल्यावर एक मृदू नाद द्यावा. चित्रांवरून हात उचलायची परवानगी म्हणजे तो नाद. आम्ही आरंभी करमळीच्या तळ्यातला बेडूक कमळाच्या पानांवरून उड्या मारतो अशी गोष्ट पडद्यावर आणली होती. मुले खूश झाली, पण बेडकाची उडी दिसू लागल्यावर कोऱ्या चौकोनांपेक्षा ही चाचणी निराळी झाली आणि मोठ्यांशी तुलना संपली. गोष्ट आता फक्त तोंडी सांगते. दहा मिनिटांच्या वर लांबवू नये.

किशोरवयीन मुलांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. ती खेळ समजून जिंकायला बसतात. शेजारी मित्र उभा राहू देऊ नये आणि शेवटी “कसे लक्षात ठेवलेस?” हे आवर्जून विचारावे. आकडे दिले, आकार कल्पिला, बोटे टेबलाखाली हलवली, काहीही असो, ते लिहून घ्यावे.

ज्येष्ठांची वेळ सकाळची ठेवावी. वयस्करांची कामगिरी सकाळी सरस असते असे अनेक अभ्यासांत दिसले आहे, आणि गोव्यात दुपारी एक ते चारच्या मध्ये कोणाच्या दारात टॅबलेट घेऊन जाणे हा शास्त्राचा नव्हे, सभ्यतेचा प्रश्न आहे. आधी चष्म्याची चौकशी करावी, आणि तोही वाचायचा चष्मा. लांबचा लावून पुष्कळजण बसतात. खिडकी पाठीमागे नसावी, नाहीतर पडद्यावर माडच दिसतात. मुलगा किंवा सून शेजारी बसून “अहो, तो वरचा!” असे सांगू लागली तर त्यांना गोडीने चहा करायला पाठवावे. तीन ओळींनंतर थोडी विश्रांती द्यावी.

दुसरी एक बाब कमी लोक लक्षात घेतात. ओळी लहानाकडून मोठीकडे नेल्या की ज्येष्ठांसमोर कठीण ओळी येईपर्यंत आधीच्या अनेक ओळींचा गाळ मनात साठलेला असतो. मोठ्या ओळींपासून उतरत्या क्रमाने दिल्यास तरुण आणि वृद्ध यांच्यातले अंतर कमी होते, असे प्रयोगांत आढळले आहे. वयोगटांची तुलना हाच तुमचा हेतू असेल तर दोन्ही क्रम अर्ध्या-अर्ध्या गटांना द्यावेत.

सातवी पायरी: नोंदी वाचणे

प्रत्येक स्पर्शाची वेळ, पडद्यावरची अचूक जागा, ओळीचा क्रमांक आणि चौकोन, एवढे जपावे. सर्वांत लांब बरोबर ओळ हा आवाका. आवाक्याला एकूण बरोबर ओळींनी गुणले की अधिक बारीक फरक दाखवणारा आकडा मिळतो.

चुकांकडे मात्र एकेक करून पाहावे. चौकोन सगळे बरोबर पण क्रम चुकला, ही एक जात. भलताच दूरचा चौकोन, ही दुसरी. आणि तिसरी जात अशी की स्पर्श बरोबर चौकोनाच्या कडेबाहेर दोन मिलिमीटरवर पडला आणि प्रोग्रॅमने त्याला चूक म्हटले. ज्येष्ठांच्या नोंदीत ही तिसरी जात वारंवार दिसली तर बोटाच्या चाचणीकडे परत जावे. नुसता आवाका साठवणाऱ्या अॅपमधून हे कधीच कळत नाही, म्हणून असे अॅप घेऊ नये.

वेगाच्या आकड्यांवर भिस्त ठेवू नये. बहुतेक पडदे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतात, म्हणजे दर चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद लागतात, आणि स्पर्श ओळखायला लागणारा वेळ त्यात वेगळा मिळतो. तो यंत्रागणिक बदलतो. एकाच टॅबलेटवर एकाच माणसाची दोन वेळची तुलना चालेल, दोन टॅबलेटवरच्या दोन माणसांची नाही.

वयोगटांचे आकडे शेजारी-शेजारी ठेवताना आजची सत्तरी आणि आजची विशी यांच्यात पन्नास वर्षांच्या वयाबरोबर शाळेची वर्षे, दृष्टी आणि पडद्याची सवय यांचेही अंतर आहे, हे लिहिल्याशिवाय तक्ता पुढे करू नये. शिक्षणाची वर्षे आणि घरी टचस्क्रीनचा फोन आहे का, हे दोन प्रश्न म्हणूनच चाचणीच्या आधी विचारायचे असतात. परदेशातल्या तक्त्यांवरून पेडण्याच्या किंवा सांग्याच्या माणसाला ‘कमी’ ठरवू नये.

आठवी पायरी: निकाल सांगणे

एका चाचणीवरून स्मृतिभ्रंशाचे निदान होत नाही, आणि ते करण्याचा अधिकारही आपल्याला नाही. घरचे लोक सांगत असतील की आजोबा ओळखीच्या वाटेवर चुकू लागले आहेत किंवा चुलीवर भांडे ठेवून विसरतात, तर चाचणीत गुण चांगले पडले तरी त्यांना बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, दाखवायला सांगावे. तसे काहीच नसेल आणि केवळ गुण कमी असतील, तर आधी चष्मा, झोप, औषधे आणि बोट तपासावे आणि दोन-तीन आठवड्यांनी दुसऱ्या यादीवर पुन्हा चाचणी घ्यावी.

मुलांना आकडा सांगू नये, कारण दुसऱ्या दिवशी तो वर्गभर होतो. ज्येष्ठ तर स्वतःच विचारतात. सत्तरी तालुक्यातल्या त्या आजींनी फळी बाजूला सारून मला विचारले, “म्हाका कितले मार्क पडले?” मी सांगितले की पाच ठोकळ्यांपर्यंत तुम्ही एकदाही चुकला नाहीत आणि टॅबलेटला तुमचे बोट लागले नाही. त्यांनी पदराला बोट पुसले, टॅबलेट पुन्हा जवळ ओढला आणि एका चौकोनावर जोराने दाबून पाहिले.